बेसिंगस्टोकला मनोरा नाही

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून नैर्ऋत्येकडे निघालेली गाडी पाऊण-एक तासात बेसिंगस्टोकला पोचते. गाडीतून उतरताना काचेच्या आणि काँक्रीटच्या कचेऱ्यांचा एक पुंजका दिसतो आणि नव्या माणसाला वाटतं की गाव बरंच उंच असावं. उंच आहे ते तेवढंच. 1961 साली लंडनच्या काउंटी कौन्सिलबरोबर करार झाला, राजधानीतली वाढती वस्ती इथे हलवायचं ठरलं आणि पंचवीसेक हजार वस्तीच्या बाजारपेठेच्या गावाचं पुढच्या काही दशकांत लाखाच्या वरचं शहर झालं. मोटारवाल्यांच्या एए या संघटनेचं उंच मुख्यालय, फॅनम हाउस, इथेच बांधलं गेलं. 1973 साली राणी एलिझाबेथ यांनी त्याचं उद्घाटन केलं. गावात चौकाचौकाला गोल वळसे आहेत, म्हणून लोक गमतीने याला ‘डोनट सिटी’ म्हणतात. कचेऱ्यांवरून ‘हॅम्पशायरचं डॅलस’ असंही म्हणतात आणि त्या नावात कौतुकापेक्षा टोमणा अधिक असतो.

पण तिकीट काढून वर जावं आणि शहर बघावं असा मनोरा इथे नाही. उंच इमारतींत शिरायला गळ्यात ओळखपत्र लागतं. इथल्या मराठी घरांतली बरीच मंडळी संगणक नाहीतर विमा कंपन्यांत कामाला असतात. त्यांच्याकडे उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात. पंधरा दिवसांत गाव पायाखालून जातं आणि मग ‘आता काय दाखवायचं?’ हा प्रश्न उभा राहतो. लंडन होतं, बाथ होतं, स्टोनहेंज होतं. त्यानंतर कुणीतरी पोर्टस्मथच्या स्पिनेकर टॉवरचं नाव काढतं. तो याच हॅम्पशायर काउंटीत आहे, थेट गाडी आहे, प्रवास साधारण सव्वा तासाचा. हा लेख त्या मनोऱ्याबद्दल आहे आणि एकूणच मनोऱ्यावर चढून माणसाला नेमकं काय मिळतं त्याबद्दलही. जाहिराती सांगतात की खूप दूरचं दिसतं. माझं मत वेगळं आहे. दूरचं बघायला डोंगर बरा. मनोऱ्यावरून बघावं ते जवळचं.

उंचीच हवी असेल तर बेसिंगस्टोककराला पोर्टस्मथपर्यंत जायचीही गरज नाही. गावाच्या पश्चिमेला खडूच्या दगडाच्या गवताळ टेकड्या आहेत. रिचर्ड अॅडम्स यांच्या 1972 च्या कादंबरीमुळे, त्या सशांच्या गोष्टीमुळे, जगभर माहीत झालेली वॉटरशिप डाउन ही त्यांतलीच एक, उंची 237 मीटर. तिच्या पुढे 261 मीटर उंचीची बीकन हिल आहे. माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याचा मातीचा तट अजून ओळखू येतो. तिथेच हायक्लेअरच्या पाचव्या लॉर्ड कार्नार्व्हनची कबर आहे. तुतनखामेनच्या थडग्याच्या शोधाला पैसा पुरवणारे आणि 1923 साली इजिप्तमध्येच वारलेले ते हेच गृहस्थ. या टेकडीच्या पायथ्याच्या कुरणावरून 1910 साली जेफ्री डी हॅव्हिलँड यांनी स्वतः बांधलेलं विमान उडवलं. बीकन म्हणजे इशाऱ्याची आग, आणि नावातच टेकडीचं जुनं काम आलं. स्पिनेकर टॉवरचं अगदी टोक 170 मीटरवर आहे आणि प्रेक्षक उभे राहतात ते 100 ते 110 मीटरवर. म्हणजे बीकन हिलचा माथा समुद्रसपाटीपासून प्रेक्षकांच्या मजल्यांच्या दुपटीहून उंच, आणि तिथे तिकीट नाही.

आता थोडं गणित. ते न करता मनोऱ्यावर जाणं म्हणजे नकाशा न उघडता गड चढणं. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिज किती लांब हे डोळ्याच्या उंचीवर ठरतं, आणि त्याचा हिशेब फार सोपा आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि त्याला 3.57 ने गुणा, म्हणजे किलोमीटरमधलं अंतर मिळतं. गुहागरच्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे डोळे पावणेदोन मीटरवर धरले तर त्याचं क्षितिज पावणेपाच किलोमीटरच्या आतच संपतं. समुद्र अफाट वाटतो, पण दिसतो तो इतकाच. डोळे शंभर मीटरवर नेले की वर्गमूळ दहा आणि क्षितिज 36 किलोमीटर. स्पिनेकर टॉवरवाले 23 मैलांपर्यंत, म्हणजे 37 किलोमीटरपर्यंत दिसतं असं सांगतात. एकशेदहा मीटरच्या मजल्यासाठी हिशेब बरोबर तेवढाच येतो. जाहिरातीत क्वचितच आढळणारा प्रामाणिकपणा इथे आहे.

या सूत्रात एक गोची मात्र लपलेली आहे. अंतर वर्गमुळाने वाढतं, त्यामुळे क्षितिज दुप्पट लांब न्यायचं तर उंची चौपट करावी लागते. पहिल्या शंभर मीटरनी जे दिलं तेवढंच पुन्हा मिळवायला आणखी तीनशे मीटर बांधावे लागतात. पॅरिसच्या आयफेल टॉवरचा वरचा सज्जा 276 मीटरवर आहे, क्षितिज 59 किलोमीटरच्या आसपास. कळसूबाईचा माथा 1646 मीटर. भोवताली सपाट समुद्र असता तर तिथून 145 किलोमीटरवरचं दिसलं असतं. तिथे प्रत्यक्षात आड येतात ते दुसरे डोंगर आणि धूसर हवा. लांबचं बघण्याच्या खेळात माणसाने बांधलेला कुठलाही मनोरा सह्याद्रीपुढे टिकत नाही, आणि हे आपल्याकडे कुठल्याही टेहळणीच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याला कळत होतं.

दोन उंच गोष्टी एकमेकींना किती लांबून दिसतात याचाही हिशेब असाच, फक्त दोघींची क्षितिजं मिळवायची. जहाजाची डोलकाठी चाळीस मीटर उंच असेल तर तिचं क्षितिज साडेबावीस किलोमीटरवर येतं. शंभर मीटरवर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला तिचं टोक अठ्ठावन्न किलोमीटरवरून दिसायला लागेल, जहाजाचा सांगाडा अजून पाण्याच्या फुगवट्याआड असतानाच. आधी शीड, मग जहाज, हा खलाशांचा जुना अनुभव यातूनच येतो. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने याच गोष्टीचा उलटा उपयोग केला. आज पाकिस्तानी पंजाबात असलेल्या नंदनाच्या किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची त्याने मोजली, माथ्यावरून क्षितिज किती अंशांनी खाली झुकलेलं दिसतं तेही मोजलं, आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. शंभर मीटरवर हा झुकाव अंशाच्या तिसऱ्या हिश्शाइतका असतो. डोळ्याला तो जाणवत नाही, पण सूर्याला जाणवतो. पोर्टस्मथच्या अक्षांशावर, मोकळ्या क्षितिजाकडे बघताना, वरच्या माणसाचा सूर्यास्त खालच्यापेक्षा जवळजवळ दोन मिनिटं उशिरा होतो. दुबईच्या बुर्ज खलिफात फारच वर राहणाऱ्यांनी रोजा दोन-तीन मिनिटं उशिरा सोडावा असं तिथल्या मौलवींनी 2011 साली सांगितलं होतं, ते याच कारणाने.

गाडी विंचेस्टर, ईस्टली, फेअरम करत समुद्राकडे उतरते. पोर्टचेस्टरला रोमनांनी बांधलेला तट अजून उभा आहे, पण तो गाडीतून धड दिसत नाही, त्यासाठी वेगळं उतरायला हवं. पुढे गाडी पोर्टसी बेटावर शिरते. पोर्टस्मथ शहराचा मोठा भाग या बेटावरच वसलाय आणि लंडन सोडलं तर इतकी दाट वस्ती ब्रिटनमधल्या दुसऱ्या शहरात सापडत नाही. शेवटचं स्टेशन पोर्टस्मथ हार्बर, तेही खांबांवर पाण्यात उभं. बाहेर आलं की मनोरा समोरच आहे. रस्ता विचारायची वेळ येत नाही.

स्पिनेकर म्हणजे वारा पाठीमागून येत असताना शर्यतीच्या होड्या पुढच्या बाजूला उभारतात ते मोठं, फुग्यासारखं फुगणारं शीड. काँक्रीटच्या खांबांना पोलादाच्या दोन पांढऱ्या कमानी जोडून तोच आकार इथे उभा केलाय. लांबून ठीक दिसतो. जवळून थोडा नाटकी वाटतो, असं माझं मत. आकार गावानेच निवडला, लोकांपुढे तीन आराखडे ठेवले होते आणि बहुमत याला मिळालं. हा मनोरा नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी 1999 मध्ये तयार व्हायचा होता, नावही ‘मिलेनियम टॉवर’ ठरलं होतं. पैसे, करार, वाद यांत सहस्रक येऊन जुनं झालं. उद्घाटन झालं 18 ऑक्टोबर 2005 रोजी, खर्च 3.56 कोटी पौंड, आणि नावातून सहस्रक गेलं. उद्घाटनाच्याच दिवशी बाहेरच्या बाजूची काचेची लिफ्ट अधांतरी अडकली. आत होते खुद्द या प्रकल्पाचे व्यवस्थापक. तासाभराहून जास्त वेळ ते लटकत राहिले. ब्रिटिश वर्तमानपत्रांना त्या दिवशी दुसरी बातमी शोधावी लागली नाही.

पण पोर्टस्मथकर खरे भडकले ते दहा वर्षांनी. 2015 मध्ये एमिरेट्स या विमान कंपनीने पाच वर्षांसाठी नाव देण्याचा करार केला आणि मनोरा लाल-पांढरा रंगवायचं जाहीर झालं. कंपनीचे रंग लाल-पांढरे, तेव्हा तिच्या दृष्टीने यात वावगं काही नव्हतं. पण पोर्टस्मथच्या फुटबॉल संघाचा रंग निळा आहे, आणि लाल-पांढरा आहे तो पंचवीसेक किलोमीटरवरच्या साउदॅम्प्टनचा. या दोन गावांचं वैर किती जुनं आणि किती खरं आहे हे बाहेरच्याला समजावणं कठीण. दहा हजारांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. कंपनीने मुकाट्याने रंग बदलला आणि मनोऱ्यावर निळा आणि सोनेरी चढला. कागदावर मनोरा नगरपालिकेचा होता, प्रायोजक परदेशी होता, पण मालकी कुणाची हे त्या आठवड्यात ठरलं.

आतली लिफ्ट अर्ध्या मिनिटाच्या आसपास शंभर मीटर वर नेते. दार उघडलं की समोर जमिनीत काचेचा मोठा तुकडा आहे आणि काचेखाली सरळ धक्क्यावरची माणसं. इथे बघण्यासारखं पहिलं दृश्य म्हणजे पर्यटक. शाळकरी पोरं काचेवर पालथी पडून फोटो काढतात, काही आडदांड पुरुष मात्र काच ओलांडण्याऐवजी भिंतीला चिकटून वळसा घेतात. धाडसाशी याचा फारसा संबंध नाही. एकमेकांना प्लास्टिकच्या पातळ पडद्याने चिकटवलेल्या काचेच्या अनेक थरांची ती लादी असते. एखादा थर फुटला तरी बाकीचे वजन पेलतात. हे डोक्याला पटतं, पण पाय डोक्याचं ऐकत नाहीत. 1960 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. टेबलाच्या अर्ध्या भागावर काचेला लागूनच चौकटीचं कापड होतं, उरलेल्या भागात तेच कापड काचेच्या खूप खाली, जमिनीवर. रांगत्या बाळांना पलीकडून आईने हाका मारल्या तरी बहुतेक बाळं खोल भागावरच्या काचेवर आली नाहीत. हाताला काच घट्ट लागत होती, तरी डोळ्यांनी नाही म्हटलं होतं. 

आणखी एक कारण आहे ते तोलाचं. आपण सरळ उभे असतो तेव्हाही शरीर सतत किंचित झुलत असतं, आणि डोळे जवळच्या स्थिर वस्तूंवरून तो झोल ओळखून स्नायूंना आवरायला सांगतात. उंचावर जवळची वस्तूच नसते. समोर जे आहे ते अर्धा किलोमीटर दूर, आणि इतक्या दुरून चार बोटांचा झोल डोळ्यांना कळत नाही. शरीर मग थोडं जास्त झुलतं आणि आतल्या कानाकडून वेगळाच निरोप येत राहतो. यावर उपाय साधा. कठडा हाताने धरायचा, नजर आधी खिडकीच्या चौकटीवर ठेवायची आणि मग बाहेर न्यायची. बरोबरच्या वयस्कर मंडळींना हे आधी सांगून ठेवावं. त्यांना काचेकडे ढकलून हसणाऱ्या भाच्यांना मात्र खालीच ठेवलेलं बरं.

आता खिडकी. उत्तरेकडे तोंड करून बेसिंगस्टोक शोधायचा मोह होतो, पण ते दिसत नाही. सरळ रेषेत ते पन्नास किलोमीटरहून थोडं जास्त आहे, म्हणजे मनोऱ्याच्या क्षितिजापलीकडे. शिवाय मधे पोर्ट्सडाउन हिल आडवी पसरलीय. या टेकडीचा कणा सव्वाशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपण उभे आहोत त्याहून उंच. तिच्या पोटात आहे तो बेसिंगस्टोकखालचाच खडू. दक्षिणेकडे जाताना तो जमिनीखाली जातो, इथे पाठ वर काढतो, पुन्हा बुडतो आणि समुद्रापलीकडे आइल ऑफ वाइट बेटावर पांढऱ्या कड्यांच्या रूपाने वर येतो.

त्या टेकडीच्या माथ्यावर विटांचे किल्ले आहेत, एका रांगेत. पश्चिमेकडून फोर्ट वॉलिंग्टन, नेल्सन, साउथविक, विडली, पर्ब्रुक. 1859 साली फ्रान्सच्या भीतीने सरकारने संरक्षणाची चौकशी करायला आयोग नेमला आणि पुढच्या दशकात हे किल्ले उभे राहिले. पंतप्रधान होते पामर्स्टन. किल्ल्यांच्या तोफांची तोंडं समुद्राकडे नसून उलटी, जमिनीकडे, म्हणजे बेसिंगस्टोकच्या दिशेला. लढाई कधी झाली नाही, लोकांनी ‘पामर्स्टनचा वेडेपणा’ म्हणून थट्टा केली. मराठी माणसाला मात्र यात थट्टेसारखं काही वाटणार नाही. 1665 मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरावर तोफा डागल्या. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर मारा केला तो समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून. गडाच्या बगलेतली टेकडी शत्रूच्या हाती गेली की गड गेला. पोर्टस्मथच्या बाबतीतही हिशेब तोच होता. आटे पाडलेल्या नव्या तोफांचा पल्ला आठेक किलोमीटरपर्यंत गेला होता. शत्रूने दुसरीकडे कुठे किनाऱ्यावर उतरून पाठीमागून ही टेकडी गाठली असती तर खालची गोदी त्याच्या माऱ्यात आली असती. मनोऱ्यावरून हे दोन मिनिटांत कळतं, कारण टेकडी आणि गोदी एकाच नजरेत मावतात. पुस्तकातून समजायला मला बराच वेळ लागला होता. समुद्राच्या बाजूलाही, सोलंट या सामुद्रधुनीच्या पाण्यात, त्याच काळातले गोल दगडी-पोलादी किल्ले बसलेत. मुरूडचा जंजिरा बघितलेल्याला ते बोडके वाटतील. 

गोदी अगदी पायाखाली आहे. काळा-पिवळसर पट्ट्यांचं व्हिक्टरी हे नेल्सनचं जहाज 1765 मध्ये पाण्यात उतरलं आणि 1922 पासून सुक्या गोदीत उभं आहे. काळं, लांबट वॉरियर 1860 चं, लोखंडी अंगाचं. 1545 मध्ये बुडालेलं आणि 1982 मध्ये समुद्रातून वर काढलेलं मेरी रोझ एका संग्रहालयाच्या पोटात आहे. कधीकधी नौदलाची 280 मीटर लांबीची नवी विमानवाहू जहाजंही बांधलेली दिसतात. त्यांतलं एखादं उभं केलं तर हा मनोरा त्याच्या कमरेच्या थोडाच वर येईल. गोदीतच सेमाफोर टॉवर नावाचा आणखी एक मनोरा आहे. जुना 1913 च्या आगीत जळाला, आजचा 1930 चा. तार येण्याआधी लंडनमधल्या आरमाराच्या कचेरीपासून पोर्टस्मथपर्यंत डोंगरमाथ्यांवर निरोप्या मनोऱ्यांची साखळी होती. आधी 1796 पासून उघडझाप करणाऱ्या झडपांची, मग 1822 पासून हलत्या लाकडी हातांची. प्रत्येक मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीने पलीकडच्याच्या खुणा बघायचा आणि तशाच पुढे करायचा. वेळेचा ठरलेला इशारा लंडनहून इथे येऊन परत जायला पाऊण मिनिट लागे असं सांगतात. धुकं पडलं की सगळं ठप्प, आणि इंग्लंडमध्ये धुक्याला तोटा नाही. 1847 मध्ये विजेच्या तारेने ही साखळी बंद पाडली. दूरचं बघण्यासाठी बांधलेला मनोरा म्हणायचा तर तो. त्यावरच्या माणसाला खालचं गाव बघायची परवानगीही नसावी.

या बंदराकडे मराठी माणसाने बघावं याचं सगळ्यात मोठं कारण मात्र आता तिथे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपोलियनशी लढताना ब्रिटिश आरमाराला ओकचं लाकूड पुरेना. तेव्हा नजर मुंबईकडे वळली. 1730 च्या दशकात सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईची गोदी नावारूपाला आणली होती. आजच्या नौदल डॉकयार्डात, लायन गेटच्या आत, ती जागा आहे. त्याच घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी 1810 मध्ये मिंडेन हे चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज बांधून दिलं. पुढे 1813 मध्ये कॉर्नवॉलिस. 1842 मध्ये चीनबरोबरच्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर. सगळं लाकूड मलबारचा साग. सागात तेल असतं, त्यामुळे तो पाण्यात कुजत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. ओकमधल्या आम्लाने लोखंड खाल्लं जातं. मुंबईची जहाजं इंग्लंडच्या जहाजांपेक्षा जास्त टिकली ती या सागामुळे आणि कारागिरांच्या हातामुळे.

त्यांतलं त्रिंकोमाली हे जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईत पाण्यात उतरलं. तारीख मुद्दाम बघावी. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, 5 नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. या जहाजाचे आराखडे मुंबईला पोचण्यातच घोळ झाला होता. पहिला संच ज्या जावा नावाच्या जहाजातून येत होता ते 1812 च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या हाती पडलं आणि त्यांनी ते जाळलं, मग दुसरा संच पाठवावा लागला. जहाज मुंबईहून निघून 30 एप्रिल 1819 रोजी इथे, पोर्टस्मथला पोचलं. तोवर युद्ध संपून चार वर्षं झाली होती, पेशवाईही संपली होती, आणि नव्या कोऱ्या जहाजाला काम उरलं नव्हतं. डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून ते या बंदरात जवळजवळ पाव शतक नुसतं उभं ठेवलं. 1840 च्या दशकात त्याला पुन्हा बाहेर काढलं. पुढे ते भंगारात जाणार होतं, पण 1897 मध्ये एका हौशी माणसाने विकत घेतलं, फूड्रॉयां असं नाव ठेवलं आणि मुलांना जहाजावरचं काम शिकवण्यासाठी वापरायला सुरुवात केली. 1932 मध्ये ते फिरून पोर्टस्मथ बंदरात आलं आणि 1987 पर्यंत इथेच राहिलं. दर उन्हाळ्यात शेकडो इंग्रज मुलं मुंबईत बांधलेल्या त्या डेकवर झोळ्या टांगून झोपत, आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नसेल. मुंबईतच 1824 मध्ये बांधलेलं एशिया हे जहाजही, 1827 च्या नवारिनोच्या लढाईत सेनापतीचं निशाण मिरवून झाल्यावर, म्हातारपणी याच बंदरात पहाऱ्याला होतं. ते 1908 मध्ये विकलं. मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावरच्या माहितीच्या पाट्यांवर व्हिक्टरी ठळक आहे. मुंबईच्या या दोन जहाजांबद्दल ज्याचं त्याने माहीत करून घेऊन जायचं.

हॅम्पशायरमधल्या मनोऱ्यांचा भारताशी धागा एवढाच नाही. पश्चिमेला, न्यू फॉरेस्टच्या कडेला, स्वे नावाच्या खेड्यात 66 मीटर उंचीचा एक सडसडीत राखाडी मनोरा आहे. कलकत्त्यात वकिली करून परतलेले अँड्र्यू पीटरसन यांनी तो 1879 ते 1885 या काळात बांधला, निव्वळ काँक्रीटचा, आत लोखंडाच्या सळया नाहीत. काँक्रीटचा नाद त्यांना हिंदुस्थानातच लागला होता. गावातल्या बेकार मजुरांना काम मिळावं हा एक हेतू, आणि काँक्रीट काय करू शकतं ते दाखवावं हा दुसरा. आराखडा मात्र आपला नसून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या ख्रिस्तोफर रेन यांच्या आत्म्याने सांगितलेला, असं त्यांचं म्हणणं होतं. सेंट पॉलचं चर्च बांधणाऱ्या रेनना परलोकात सिमेंटचं वेड लागलं असेल तर आपण काय बोलणार! मनोऱ्याच्या माथ्यावर दिवा लावायला मात्र परवानगी मिळाली नाही, समुद्रातल्या जहाजांची फसगत होईल म्हणून. वर चढून बघण्याची सोय तिथे नाही. आपल्या दौलताबादच्या चांद मिनारालाही आता बाहेरूनच बघावं लागतं, तसाच प्रकार.

स्पिनेकरला जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. तिकीट आधी इंटरनेटवर काढावं, दारात महाग पडतं. आकाशाकडे बघून दिवस ठरवावा. पाऊस पडून गेल्यावरची दुपार उत्तम, कारण हवेतली धूळ खाली बसलेली असते. उन्हाळ्यातली कोरडी, तापलेली हवा वाईट, पलीकडचं बेटसुद्धा दुधाळ दिसतं. वर गेल्यावर आधी दूर बघून घ्यावं, त्याला पाच मिनिटं पुरतात. उरलेला तासभर खालच्या गोदीसाठी, गॉस्पोर्टला जाणाऱ्या फेरी-बोटींसाठी आणि गल्ल्यांसाठी ठेवावा. पाय दुखत असतील आणि मोटार असेल तर पोर्ट्सडाउन हिलवर फुकट उभं राहून मनोऱ्यासकट सगळं बंदर बघता येतं, फक्त सरळ खाली बघता येत नाही.

त्रिंकोमाली आता ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूलला आहे. अनेक वर्षं खपून त्याची दुरुस्ती केली, 1992 मध्ये जुनं नाव परत दिलं. अजून पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुनी तीच मानतात. बेसिंगस्टोकहून जायला लंडनमध्ये गाडी बदलावी लागते आणि जाण्यायेण्यात सबंध दिवस जातो, म्हणून तिथे एक मुक्काम धरावा. मुंबईच्या सुतारांनी बसवलेला मूळ साग तिथे अजून बराच शिल्लक आहे आणि डेकवर चढून त्यावर हात ठेवता येतो.